उपजत की अर्जित? लैंगिक कलाच्या वादाचा इतिहास आणि पालि वाङ्मयाची साक्ष

काही महिन्यांपूर्वी पालि अभ्यासवर्ग संपल्यानंतर एक ज्येष्ठ उपासक आमच्यापाशी थांबले. इतर मंडळी निघून जाईपर्यंत ते विहारातील सतरंज्यांच्या घड्या घालीत राहिले आणि मग हळू आवाजात त्यांनी विचारले, "सर, हे जन्मतःच असतं, की संगतीनं लागतं?" त्यांच्या धाकट्या मुलाने आपली ओढ पुरुषांकडे आहे, आपण विवाह करणार नाही, असे घरी सांगितले होते. एका नातेवाइकाने हे वसतिगृहातील संगतीचे फळ ठरविले, दुसऱ्याने मागल्या जन्मीचे कर्म सांगितले, आणि मुलाची आई आपल्या हातून वाढविण्यात काय चुकले हे शोधीत रात्री जागून काढीत होती. त्या दिवशी आम्ही त्यांना समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

समलिंगी ओढ उपजत की अर्जित, निसर्गाची देणगी की परिस्थितीचा परिणाम, हा वाद आजच्या स्वरूपात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जर्मन भाषिक प्रदेशात उभा राहिला. त्याचा इतिहास पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. दोन्ही पक्षांच्या उत्तरांचा उपयोग मुक्तीसाठी झाला आणि छळासाठीही झाला. यास्तव उत्तर काय मिळाले, याइतकेच प्रश्न कोणत्या हेतूने विचारला गेला, हेही तपासावे लागते. या तपासात पालि विनयग्रंथ व अट्ठकथा यांची साक्ष आम्हास उपयुक्त वाटते; तिचा परामर्श लेखाच्या उत्तरार्धात घेतला आहे.

म्युनिकची सभा आणि कर्टबेनीचा इशारा

२९ ऑगस्ट १८६७ रोजी म्युनिक येथे जर्मन विधिज्ञांच्या परिषदेत कार्ल हाइन्रिश उल्रिख्स हा हॅनोव्हर राज्यातील कायदेपंडित बोलावयास उभा राहिला. पुरुषांमधील प्रेमसंबंधांना शिक्षा देणारे कायदे रद्द व्हावेत, ही त्याची मागणी होती. आपला मुद्दा पुरता मांडण्यापूर्वीच आरडाओरडा होऊन त्याला खाली बसावे लागले. परंतु १८६४ पासून १८७९ पर्यंत त्याने या विषयावर एकूण बारा पुस्तिका लिहिल्या आणि त्यांतून एक सिद्धांत पुढे आणला. गर्भ प्रारंभीच्या अवस्थेत स्त्रीही नसतो व पुरुषही नसतो, हे तत्कालीन गर्भविज्ञानाने दाखविले होते. त्यावरून उल्रिख्सने असे अनुमान काढले की काही व्यक्तींत शरीर पुरुषाचे घडते, परंतु प्रेमाची प्रवृत्ती स्त्रीची घडते. जे निसर्गानेच घडविले ते निसर्गाविरुद्ध कसे, असा त्याचा कायद्याला सवाल होता. उपजतवादाचा हा पहिला पद्धतशीर उद्गार होय.

याच काळात हंगेरियन लेखक कार्ल मारिया कर्टबेनी उल्रिख्सशी पत्रव्यवहार करीत होता. तारुण्यात त्याच्या एका मित्राने खंडणीखोरांच्या छळाला कंटाळून आत्महत्या केली होती व त्या घटनेमुळे आपण या विषयाकडे वळलो, असे त्याने लिहून ठेवले आहे. 'होमोसेक्शुअल' हा शब्द कर्टबेनीने घडविला. १८६८ च्या पत्रात तो प्रथम आढळतो आणि १८६९ मध्ये प्रशियाच्या दंडसंहितेविरुद्ध त्याने निनावी प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकांतून तो छापून आला.

कर्टबेनीचे ध्येय उल्रिख्सचेच होते. मार्ग मात्र त्याला मान्य नव्हता. उपजतपणा सिद्ध करणे हे दुधारी शस्त्र आहे, असा इशारा त्याने मित्राला दिला. त्याच्या युक्तिवादाचा आशय असा: ही प्रवृत्ती जन्मजात आहे की नाही हे कोडे मानववंशशास्त्राला रंजक वाटेल, परंतु कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. इतरही अनेक प्रवृत्ती उपजत असू शकतात व तरीही समाज त्यांना आवर घालतो. संमतीने वागणाऱ्या दोन प्रौढांपासून तिसऱ्या कोणास इजा होते काय, एवढेच राज्याने पाहावे. उपजतपणाचा दाखला दिला तर या माणसांना दया मिळेल, समान हक्क मिळणार नाहीत, हे त्याने ओळखले होते. पुढील शतकाचा इतिहास म्हणजे या इशाऱ्यावरील विस्तृत भाष्य म्हणता येईल. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्याची दंडसंहिता तयार झाली व तिच्यात कलम १७५ म्हणून ती शिक्षा कायम राहिली.

उपजतवादाचे दोन परिणाम

न्यायालयाच्या हातून हा प्रश्न वैद्यकाच्या हाती गेला. १८६९ च्या सुमारास बर्लिनचे कार्ल वेस्टफाल यांनी अशा प्रवृत्तीचे वर्णन मनोरुग्णांच्या नोंदींत केले. १८८६ मध्ये व्हिएन्नाशी संबंधित मनोविकारतज्ज्ञ रिखार्ड फॉन क्राफ्ट-एबिंग यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्यांनी उपजतपणा मान्य केला, परंतु त्याचे कारण कुळातून आलेला मज्जासंस्थेचा ऱ्हास असे सांगितले. उल्रिख्सने ज्याला निसर्गाचा एक प्रकार म्हटले, त्याला क्राफ्ट-एबिंग यांनी निसर्गातील बिघाड म्हटले. दोघांचा पुरावा जवळजवळ एकच होता. मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९०१ मध्ये, क्राफ्ट-एबिंग यांनी आपले मत सौम्य केले व समलिंगी व्यक्ती मानसिकदृष्ट्या निरोगी असू शकते हे कबूल केले. तोपर्यंत त्यांच्या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघून ऱ्हासाची कल्पना सर्वत्र रुजली होती.

उपजतवादाला मुक्तीचे साधन बनविण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी केला. १५ मे १८९७ रोजी त्यांनी बर्लिन येथे वैज्ञानिक-मानवतावादी समिती स्थापन केली. विज्ञानाच्या वाटेने न्यायापर्यंत पोहोचावयाचे, हे त्यांचे ब्रीद होते. कलम १७५ रद्द करण्याच्या त्यांच्या अर्जावर अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्यासारख्यांनी सह्या केल्या आणि १८९८ मध्ये ऑगस्ट बेबेल यांनी जर्मन संसदेत त्या मागणीचा पुरस्कार केला. १९१९ मध्ये हिर्शफेल्ड यांनी बर्लिनला लैंगिक विज्ञान संस्था उघडली. १९३१ मध्ये जगप्रवासाच्या ओघात ते भारतातही येऊन गेले.

परंतु कर्टबेनीने सांगितलेली शस्त्राची दुसरी धार याच काळात दिसू लागली. व्हिएन्ना येथील ऑयगेन स्टाइनाख यांनी उंदीर व गिनिपिग यांच्या लैंगिक ग्रंथींचे रोपण करून त्यांचे वर्तन बदलल्याचे दाखविले. हिर्शफेल्ड यांना हे प्रयोग आपल्या मताचा पुरावा वाटले. ओढ ग्रंथींच्या स्रावातून येते, म्हणजे ती उपजत आहे, म्हणजे ती गुन्हा नाही, अशी ही अनुमानाची साखळी होती. स्टाइनाख व त्यांचे सहकारी शल्यवैद्य यांनी मात्र त्याच पुराव्यावरून निराळी साखळी जोडली. ओढ ग्रंथीत असेल तर ग्रंथी बदलावी. पहिल्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर काही समलिंगी पुरुषांवर अशा शस्त्रक्रिया करण्यात आल्या. त्यांचे यश टिकले नाही. कल्पना मात्र टिकली. १९४४ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीत कार्ल वेर्नेट या डॅनिश डॉक्टराने कैद्यांच्या शरीरात कृत्रिम ग्रंथी बसविण्याचे प्रयोग केले, ते याच विचाराचे शेवटचे टोक होते.

हिर्शफेल्ड यांची संस्था ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी लुटली आणि चार दिवसांनी तिचा ग्रंथसंग्रह बर्लिनच्या चौकात जाळण्यात आला. त्या वेळी ते परदेशात होते. मायदेशी न परतताच १४ मे १९३५ रोजी, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशी, फ्रान्समधील नीस येथे ते मृत्यू पावले.

अर्जितवादाची वाटचाल

वाचकांस असे वाटेल की उपजतवाद घातक ठरला, तेव्हा परिस्थितीवर भर देणारे मत तरी कल्याणकारी ठरले असेल. तसेही झालेले नाही. १८८७ मध्ये फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांनी बालपणीच्या एखाद्या प्रसंगाशी कामभावना जोडली जाते, असे प्रतिपादन केले. म्युनिकचे डॉ. श्रेंक-नॉट्सिंग यांनी हा धागा पुढे नेला. जे शिकले गेले ते विसरायलाही लावता येईल, या समजुतीने त्यांनी संमोहनाचे उपचार केले व १८९२ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. पुढे शतकभर चाललेल्या तथाकथित 'सुधार' उपचारांची ही नांदी होती.

नाझी अधिकाऱ्यांचा भर मुख्यतः अर्जितवादावर होता, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. बहुसंख्य पुरुष फूस लावल्याने बिघडतात, म्हणून धाक आणि कष्ट यांनी ते सुधारतील. थोडे असाध्य उरतील, त्यांना समाजातून कायमचे वेगळे काढावे, अशी त्यांची विभागणी होती. म्हणजे संगतीने बिघडलेल्यास तुरुंग आणि जन्मतः तसा असलेल्यास छावणी. १९३५ मध्ये कलम १७५ अधिक कठोर करण्यात आले. नाझी राजवटीत या कलमाखाली ५०,००० हून अधिक पुरुषांना शिक्षा झाल्या. त्यांपैकी हजारो छावण्यांत गेले व त्यांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण लावण्यात आला. हा कठोर मजकूर पश्चिम जर्मनीत १९६९ पर्यंत तसाच लागू होता. कलम पूर्णतः रद्द होण्यास १९९४ साल उजाडावे लागले.

सिग्मंड फ्रॉइड यांचे स्थान या वादात काहीसे वेगळे आहे. १९०५ च्या आपल्या निबंधांत त्यांनी समलिंगी व्यक्तींना मानवजातीचा निराळा वर्ग म्हणून बाजूस काढण्यास नकार दिला. १९१५ मध्ये त्यांत घातलेल्या टीपेत त्यांनी म्हटले की पुरुषाला केवळ स्त्रीचीच ओढ का वाटावी, हाही स्पष्टीकरणाची अपेक्षा असलेला प्रश्न आहे. १९३५ मध्ये एका अमेरिकन मातेला पाठविलेल्या पत्रात, मुलाच्या या प्रवृत्तीत लाज बाळगण्यासारखे काही नाही व तिला आजार म्हणता येणार नाही, असे त्यांनी कळविले. त्यांच्या अमेरिकन अनुयायांनी मात्र गुरूचा हा संयम पाळला नाही. १९६२ मध्ये आयर्विंग बीबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०६ समलिंगी रुग्णांच्या अभ्यासावरून मुलाला बिलगून राहणारी आई आणि दूर राहणारा बाप यांच्यावर ठपका ठेवला. हे सर्व पुरुष मनोविश्लेषकांकडे उपचारासाठी आलेले होते, हा त्या अभ्यासातील दोष उघड आहे. याउलट एव्हलिन हूकर यांनी १९५७ मध्ये उपचार न घेणारे ३० समलिंगी व ३० भिन्नलिंगी पुरुष यांच्या चाचण्या तज्ज्ञांपुढे ठेवल्या, तेव्हा कोण कोणत्या गटातील हे तज्ज्ञांना ओळखता आले नव्हते. अखेर डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आणि १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने समलिंगी ओढ आजारांच्या यादीतून वगळली. तथापि मातेवर ठेवलेला ठपका समाजमनातून गेला नाही. आमच्या उपासकांच्या घरी जागून काढलेल्या रात्रींचे मूळ, त्या माउलीस ठाऊक नसले तरी, या इतिहासातही आहे.

आजचे विज्ञान काय सांगते?

१९९१ मध्ये सायमन लव्हे यांनी ४१ मृत व्यक्तींच्या मेंदूंच्या तपासणीतून हायपोथॅलॅमसमधील एका सूक्ष्म भागात फरक आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी बेली व पिलार्ड यांना समलिंगी पुरुषांच्या एकसारख्या जुळ्या भावांपैकी ५२ टक्के, तर भिन्न जुळ्यांपैकी २२ टक्के भाऊ समलिंगी आढळले. १९९३ मध्ये डीन हॅमर यांनी एक्स गुणसूत्राच्या एका टोकाकडे बोट दाखविले आणि वृत्तपत्रांनी समलिंगी जनुक सापडल्याचा गाजावाजा केला. १९९९ मध्ये दुसऱ्या गटाला तो दुवा आढळला नाही. पुढे २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख व्यक्तींच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात समलिंगी वर्तनाशी निगडित अशी पाच स्थाने निश्चित झाली. सर्व सामान्य जनुकीय भेद मिळूनही व्यक्तिव्यक्तींमधील फरकाचा ८ ते २५ टक्के भागच स्पष्ट होतो आणि त्यावरून कोणा एकाचे भाकीत करता येत नाही, असा निष्कर्ष निघाला.

यांतून एवढे निश्चित म्हणता येते की येथे एक कारण नाही. अनेक जनुकांचा प्रत्येकी अल्प प्रभाव आहे. जन्मापूर्वीच्या गर्भाशयातील परिस्थितीचाही वाटा असल्याचे दिसते. मोठ्या भावांची संख्या वाढते तशी धाकट्या भावात ही प्रवृत्ती आढळण्याची शक्यता वाढते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. आईबापांच्या वागण्याने वा मित्रांच्या संगतीने कल ठरतो याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. तसेच उपचारांनी तो पालटतो यालाही पुरावा नाही. अशा उपचारांनी अपाय मात्र होतो.

पालि वाङ्मयाची साक्ष

आता आपल्या परंपरेकडे वळू. प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'समलिंगी' या आधुनिक संज्ञेला पालीत नेमका प्रतिशब्द नाही. विनयपिटकातील 'पण्डक' या शब्दाचे भाषांतर काही जण तसे करतात, परंतु ते निर्दोष नाही. महावग्गात एका पण्डकाच्या वर्तनामुळे लोकांत संघाची निंदा झाली व म्हणून पण्डकास उपसंपदा देऊ नये असा नियम झाला, ही कथा आहे. हा नियम आहे, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याचा अर्थ काय, हे पाहिले पाहिजे.

पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांच्या नावावर असलेल्या समन्तपासादिका या विनय-अट्ठकथेत पण्डकाचे पाच प्रकार दिले आहेत: आसित्त, उसूय, ओपक्कमिक, पक्ख आणि नपुंसक. पैकी आसित्त हा दुसऱ्या पुरुषाशी केलेल्या मुखमैथुनाने ज्याचा दाह शमतो तो, व उसूय हा इतरांचा संभोग पाहून असूयेने ज्याचा दाह शमतो तो. ओपक्कमिकाची वृषणे बाह्य उपायांनी काढून टाकलेली असतात. पक्ख हा अकुशल कर्माच्या विपाकामुळे कृष्णपक्षात पण्डक होतो. नपुंसक हा प्रतिसंधीपासूनच, म्हणजे गर्भधारणेपासूनच, लिंगभावरहित असतो. आधुनिक वादातील सर्व पक्ष येथे एका यादीत बसलेले आहेत. कोणी गर्भापासून तसा, कोणी कर्मविपाकाने, कोणी बाह्य आघाताने, कोणी वर्तनाने. आणि गंमत अशी की आधुनिक वाचक ज्याला समलिंगी म्हणेल, त्याच्या सर्वांत जवळ जाणाऱ्या आसित्त पण्डकाला अट्ठकथा प्रव्रज्या नाकारीत नाही. उसूयालाही नाकारीत नाही. निषेध आहे तो उरलेल्या तिघांना. तेव्हा या नियमाचा रोख समलिंगी ओढीवर होता, असे म्हणता येत नाही.

मैथुनविषयक पहिल्या पाराजिकेत भिक्षूचा स्त्रीशी संबंध असो वा पुरुषाशी, आपत्ती एकच सांगितली आहे. उपासकांच्या तिसऱ्या शीलाचे जे विवरण निकायांत मिळते, त्यात आई, बाप, भाऊ, नातलग यांच्या रक्षणाखालील वा विवाहबद्ध अशा स्त्रियांचा उल्लेख आहे. समलिंगी संबंधाचा नाही. उत्तरकालीन काही संस्कृत शास्त्रग्रंथांत निराळे निर्बंध आढळतात, परंतु ते निकायांतील नव्हेत.

याहून बोलका प्रसंग पहिल्या पाराजिकेच्या विवरणातच आहे. एका भिक्षूच्या ठायी स्त्रीलिंग प्रकट झाले. भिक्षूंनी ते भगवंतांना सांगितले. भगवंतांनी तीच उपसंपदा, तेच उपाध्यायत्व व तेवढेच वर्षावास मोजून त्या व्यक्तीस भिक्षुणींमध्ये राहण्याची अनुज्ञा दिली. भिक्षुणीच्या ठायी पुरुषलिंग प्रकट झाले तेव्हाही तशीच व्यवस्था झाली. हा प्रसंग ओढीचा नसून लिंगपरिवर्तनाचा आहे, हे खरे. तरी आपल्या विषयाला तो पद्धतीच्या दृष्टीने लागू पडतो. असे का झाले, हा प्रश्न मूळ पाठात कोणीही विचारलेला नाही. यापुढे ती व्यक्ती कोठे राहील, तिची ज्येष्ठता कशी मोजली जाईल, एवढाच विचार आहे. शतकांनंतर अट्ठकथेने कारण पुरविले: पुरुषलिंग उत्तम व स्त्रीलिंग हीन असून बलवान अकुशलामुळे पुरुषलिंग लोप पावते. मूळ पाठात नसलेले कारण आले आणि त्याच्याबरोबर मूळ पाठात नसलेली उतरंडही आली. क्राफ्ट-एबिंग यांच्या ग्रंथात जे घडले तेच येथेही घडले, असे आम्हास वाटते.

फ्रॉइड यांनी १९१५ मध्ये जो प्रश्न विचारला त्याचीही छाया निकायांत दिसते. अंगुत्तर निकायाच्या सत्तक निपातातील संयोग-विसंयोगविषयक सुत्तात स्त्रीला पुरुषाची व पुरुषाला स्त्रीची ओढ कशी उत्पन्न होते, याचे विवेचन आहे. व्यक्ती आपल्या स्त्रीत्वाकडे वा पुरुषत्वाकडे लक्ष देते, त्यात रमते, आणि मग बाहेर दुसऱ्याच्या ठायी त्याची पूर्तता शोधते. येथे सर्वसाधारण समजली जाणारी ओढही स्वयंसिद्ध मानलेली नाही. तिचेही प्रत्यय सांगितले आहेत. ज्याचे कारण विचारावयाचे ते केवळ दुसऱ्याच्या कामभावनेचे, स्वतःच्या नव्हे, हा भेद त्या सुत्ताला ठाऊक नाही.

उरला 'मागल्या जन्मीच्या कर्मा'चा प्रश्न. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना विचारले की, मनुष्य जे काही अनुभवतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, हे मत बरोबर आहे काय. भगवंतांनी पित्त, कफ, वात, त्यांचे मिश्रण, ऋतुपालट, विषम परिहार, बाह्य आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगितली व सर्वच पूर्वकर्मावर टाकणाऱ्यांचे म्हणणे अमान्य केले. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातातही सर्व काही पूर्वकृत, सर्व काही ईश्वरनिर्मित, आणि सर्व काही अकारण, ही तीनही मते त्याज्य ठरविली आहेत. तेव्हा धम्माचे नाव घेऊन एखाद्या मुलास त्याची ओढ म्हणजे गतजन्मीच्या पापाचे फळ आहे असे सांगणे, हे त्या मुलावर अन्याय करणे होय आणि धम्मावरही.

मुंबई, १९३४

हा वाद महाराष्ट्राच्या भूमीवरही आला होता. रघुनाथ धोंडो कर्वे हे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. कर्व्यांचे वकीलपत्र बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. ज्यांच्या वतीने बाबासाहेब अहोरात्र झगडत होते, त्या समाजाचा या खटल्याशी थेट संबंध नव्हता. तरी त्यांनी ते काम पत्करले. त्यांनी इंग्रज संशोधक हॅवलॉक एलिस यांच्या अभ्यासाचा आधार घेतला. एलिस हे उपजतवादी होते व त्यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १८९७ चा आहे. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना ज्ञान देणारी उत्तरे देणे हा गुन्हा होत नाही, हा बचावाचा गाभा होता. कर्व्यांना दंड झाला. खटला हरला, तरी युक्तिवाद मागे राहिला.

त्या काळी लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ मध्ये निसर्गक्रमाविरुद्धच्या संभोगास शिक्षा होती. ही संहिता १८६० ची. म्हणजे उल्रिख्सच्या पहिल्या पुस्तिकेपूर्वीची. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने झालेल्या खाजगी संबंधांपुरते ते कलम बाजूला सारले, तेव्हा निकालपत्रात बाबासाहेबांच्या संविधानसभेतील संवैधानिक नीतिमत्तेच्या विचाराचा आधार घेण्यात आला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पुन्हा मुक्तीच्या बाजूने कौल दिला. त्या निकालात एकीकडे हा कल व्यक्तीच्या ठायी स्वभावतःच असतो असे प्रतिपादन आहे, तर दुसरीकडे नैसर्गिक व अनैसर्गिक या विभागणीलाच प्रश्न विचारलेला आहे. उल्रिख्स आणि कर्टबेनी दोघेही दीडशे वर्षांनी एकाच निकालपत्रात भेटले, असे म्हणावयास हरकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या कलमाला स्थान नाही.

आमच्या मते कर्टबेनीचा पक्ष अधिक भक्कम आहे, आणि हे समजावयास आपल्या समाजास युरोपात जाण्याचे कारण नाही. आपल्या पूर्वजांना अस्पृश्य का मानता, असे विचारल्यावर कोणी जन्माकडे बोट दाखवी, कोणी त्यांच्या खाण्यापिण्याच्या व राहणीच्या सवयींकडे. जन्माचे कारण सांगणारा म्हणे, यात बदल होणे नाही. सवयींचे कारण सांगणारा म्हणे, आधी सुधारा मग पाहू. पाणवठा दोघांच्याही उत्तराने बंदच राहत असे. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात गवत, कीटक, पशू, पक्षी यांत जन्मतः भेदचिन्हे असतात, तशी माणसामाणसांत नाहीत, असे सांगून भगवंतांनी जन्मावरून श्रेष्ठत्व ठरविण्याची वाटच बंद केली. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला संशोधनग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी २० मार्च १९२७ रोजीच ओंजळीत घेतले होते. उगमाचे संशोधन पूर्ण होईपर्यंत हक्क थांबून राहिला नाही. संशोधनाला त्यांनी कमी लेखले असे नाही. हक्काला त्यावर अवलंबून ठेवले नाही, एवढेच.

चूळमालुंक्य सुत्तातील बाणाने विद्ध झालेल्या माणसाचा दृष्टांत वाचकांस परिचित आहे. येथे तो वापरताना एक सावधगिरी हवी. या मुलाची ओढ हा बाण नव्हे. त्याच्या अंगात रुतलेला बाण आहे तो लोकांच्या तिरस्काराचा, आप्तांच्या शंकेचा आणि आईबापांच्या मौनाचा. तो कोणत्या लाकडाचा व कोणी मारला, याची चौकशी मागाहून करता येईल.

त्या ज्येष्ठ उपासकांना आम्ही पुन्हा भेटलो. त्यांना आम्ही सांगितले की तुमच्या मुलाच्या आईचे काही चुकलेले नाही, संगतीचाही दोष नाही, आणि गतजन्मीच्या पापाची भाषा करणाऱ्यास सीवक सुत्त वाचावयास द्या. कारणे अनेक व गुंतागुंतीची आहेत. त्यांचा शोध संशोधक घेत राहतील. त्यांनी मान हलविली व थोड्या वेळाने विचारले, "मग त्याच्याशी बोलू काय?" आम्ही म्हटले, आजच बोला. पुढील पौर्णिमेस ते विहारात आले तेव्हा मुलगा त्यांच्यासोबत होता आणि वंदनेनंतर सतरंज्यांच्या घड्या दोघांनी मिळून घातल्या.